पुराण, अभंग आणि परै : ख्रिस्ती सेवाकार्य व समकालीन संस्कृती यांच्या संवादाचा तौलनिक विचार

ख्रिस्ती मंडळी आणि तिच्या भोवतालची संस्कृती यांच्या संबंधाविषयी मराठी समीक्षेत जे लिहिले गेले आहे, ते बहुधा दोन शब्दांच्या आधाराने लिहिले गेले आहे. पहिला शब्द ‘वेषांतर’. मिशनऱ्यांनी पुराण, कीर्तन, अभंग ही रूपे उचलली ती धर्मप्रसाराची सोय म्हणून. मजकूर परका, वरचे वस्त्र तेवढे देशी, असा या शब्दामागील आक्षेप आहे. दुसरा शब्द ‘समन्वय’. परका धर्म या मातीत रुजला, त्याला येथील छंद आणि येथील सूर लाभले, असा त्यातील गौरव आहे. आक्षेप आणि गौरव परस्परविरोधी दिसतात; परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. देशी संस्कृती नावाची एक अखंड वस्तू अगोदरच तयार आहे आणि चर्च बाहेरून येऊन ती पांघरते किंवा तिच्यात मिसळते, हे ते गृहीतक होय. भारतीय समाजाच्या संदर्भात ते टिकत नाही. ज्या गावांत हे सेवाकार्य चालले त्या गावांत एका कुसाच्या आत एक संस्कृती होती आणि बाहेर दुसरी. देवळात एक वाद्य वाजत होते आणि मर्तिकाच्या वेळी दुसरे. उपासनेसाठी व उपदेशासाठी चर्चने कोणते रूप निवडले, या प्रश्नाच्या पोटात म्हणूनच आणखी एक प्रश्न दडलेला असतो : संस्कृती म्हणून चर्चने कोणाकडे पाहिले? साष्टी, तंजावर, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि मदुराई या चार ठिकाणांच्या आधारे हा दुसरा प्रश्न पुढे नेता येतो.

आरंभ अर्थातच ‘ख्रिस्तपुराणा’पासून करावा लागतो. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला आणि त्याचे उर्वरित आयुष्य बहुतांशी साष्टीत गेले. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या त्याच्या पुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले; पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून आणि श्रवणातून, म्हणजे पुराणे जशी टिकतात तसा. जोसेफ सालढाणा यांची मंगळूर येथील १९०७ ची आवृत्ती निघेपर्यंत त्याला आधुनिक मुद्रित रूप नव्हते.

स्टीफन्सची मराठीविषयीची प्रीती पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची झालेली आहे. त्या मानाने ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात सांगितलेले रचनेचे निमित्त दुर्लक्षित राहिले. साष्टीत ख्रिस्ती शिकवण चालू असता एक ब्राह्मण श्रोता पाद्रीला विनवितो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही का देत नाही? या मागणीचे ऐतिहासिक वजन ध्यानी घेतले पाहिजे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे जेझुइटांची हत्या झाली आणि त्यानंतर गावच्या मुखियांनाही प्राण गमवावे लागले. पुराण मागणारा हा श्रोता असा आहे की ज्याचे पुराण हिरावून घेतले गेले आहे. तेव्हा ‘ख्रिस्तपुराण’ समन्वयातून जन्मले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. एक पोकळी बळाने निर्माण करण्यात आली आणि ती भरण्यासाठी तिच्याच मापाची वस्तू घडवावी लागली. याच काळातील एक विसंगतीही येथे नोंदविण्यासारखी आहे. ज्या रामायण-महाभारतकथांचे श्रवण निषिद्ध होते, त्यांच्या स्थानिक पोथ्यांची रोमन लिपीतील लिप्यंतरे जेझुइटांनीच करवून घेतली. ती पोर्तुगालमधील ब्रागा येथे सुरक्षित राहिली आणि आज कोकणी व मराठी गद्याच्या अभ्यासकांना त्यांच्याच आधारावर उभे राहावे लागते.

तरीही ‘वेषांतर’ हा शब्द येथे पुरा पडत नाही, कारण ओवी आणि पुराण ही रूपे स्टीफन्सच्या हाती निमूट राहिलेली नाहीत. पुराणाच्या घडणीत वक्ता आणि श्रोता असा संवाद असतो. श्रोता शंका घेतो आणि त्या शंकेमुळे कथा पुढे सरकते. धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही आधीच ठरलेली असतात. पुराणात श्रोत्याची शंका निदान कथेपुरती खरी मानावी लागते. स्टीफन्सने कोकणीत प्रश्नोत्तरीही लिहिली (ती १६२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली), आणि हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले असता रूपाचा हा परिणाम स्पष्ट होतो. प्रश्नोत्तरीतील शिष्य पाठ म्हणतो, तर पुराणातील श्रोता मध्येच थांबवून विचारतो. बळाच्या राज्यात घडलेल्या या ग्रंथात श्रोत्याला प्रश्नाचा अधिकार मिळाला तो पुराण या रूपामुळे; स्टीफन्सच्या औदार्याला त्याचे श्रेय देण्याचे कारण नाही. मात्र हा अधिकार वापरणारा श्रोता ब्राह्मण आहे, हेही विसरून चालत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारड, सुदीर हे भेद पुढेही राहिले आणि चर्चमधील बंधुसंघांच्या मानपानातून ते दिसत राहिले. सुदीर श्रोत्याने कोणते रूप मागितले असते, हे विचारण्याची सोय ‘ख्रिस्तपुराणा’त नाही. पुढे १६८४ च्या फर्मानाने तर स्थानिक भाषेच्याच वापरावर गदा आली आणि निवडीचा प्रश्नच काही काळ मिटला.

तंजावरच्या उदाहरणाकडे मराठी अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक त्याचा मराठीशी थेट संबंध आहे. भोसले घराण्यातील सरफोजी (दुसरे) आणि तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) हे दोघेही क्रिश्चन फ्रिडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या छायेत शिकले. पुढे एक राजा झाला, दुसरा त्याच्या दरबाराशी संबंधित कवी. दोघांनीही ‘कुरवंजी’ हा एकच नाट्यप्रकार हाताळला. कुरवंजीत नायिकेचे भविष्य सांगणारी भटक्या कुरव जमातीची स्त्री येते; ती देशोदेश हिंडलेली असल्यामुळे आपल्या डोंगरांचे, गावांचे, प्रवासांचे वर्णन करते. सरफोजींच्या नावावर असलेल्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त या हिंडलेल्या बाईच्या तोंडी जगाचा नवा भूगोल आला आहे. शास्त्रींच्या तमिळ ‘बेथलेहेम कुरवंजी’त ख्रिस्तकथेबरोबर नवे खगोलशास्त्र आले आहे. भटक्या स्त्रीच्या भविष्यकथनाचा साचा घेऊन एकाच नगरात, एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी, एकाने मराठीत व दुसऱ्याने तमिळमध्ये, युरोपातून आलेले ज्ञान गायिले. भारतीय तौलनिक साहित्याला याहून नेटके उदाहरण क्वचितच मिळेल. ‘समकालीन संस्कृतीशी संवाद’ म्हणतात तो येथे खरोखरच समकालीन आहे, कारण शास्त्रींपुढे प्राचीन परंपरा होती तशीच त्यांच्या हयातीतील नवी विद्या होती आणि दोहोंना त्यांनी एका रंगभूमीवर आणले.

परंतु याच शास्त्रींच्या चरित्रात या संवादाची दुसरी बाजूही उघडी पडते. १८२०–३० च्या सुमारास तंजावरात आलेल्या नव्या पिढीच्या मिशनऱ्यांशी तेथील वेळ्ळाळ ख्रिस्ती गटाचे भांडण झाले. त्यांच्या तक्रारी चार होत्या : परिचित बायबलच्या जागी नवे भाषांतर लादले जाते, लग्नकार्यात व मर्तिकात फुले वापरू देत नाहीत, उपासनेत तमिळ संगीताला मज्जाव होतो, आणि प्रभुभोजनाच्या वेळी वेळ्ळाळ व परैयर यांना एकत्र बसविले जाते. यांपैकी तीन तक्रारी आजच्या वाचकाला सहज पटतात. परक्या पाद्रीने फुलांना आणि गाण्याला मनाई करावी, हा सांस्कृतिक उद्दामपणाच होता. चौथी तक्रार मात्र त्याच लेखणीने आणि त्याच ‘आमची रीत’ या युक्तिवादाने मांडलेली आहे. देशी संगीताचा कैवार आणि जातीच्या पंगतीचा कैवार तेथे एका अर्जात नांदतात. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद ताबडतोब व कायमचा सोडण्याचा आदेश काढला, तेव्हा जातीविरुद्धचा पक्ष परक्याच्या हाती आणि संस्कृतीचा पक्ष जातीच्या हाती, अशी विचित्र वाटणी झाली. या वाटणीतून भारतीय ख्रिस्ती विचार अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. देशीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावाला तंजावरच्या या अर्जाची कसोटी लावून पाहावी, एवढे त्याचे महत्त्व आहे.

अहमदनगरचे प्रकरण याच कसोटीवर अधिक गुंतागुंतीचे ठरते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये तेथे ठाणे केले. सुरुवातीचे काही नामवंत धर्मांतरित उच्चवर्णीय असले, तरी मंडळी वाढली ती मुख्यतः महार व मांग समाजांतून, आणि विशेषतः १८७६–७८ च्या दुष्काळानंतर. या मंडळींत कीर्तन फार लवकर आले. १८६० च्या दशकातच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. नारदीय कीर्तनाची बांधणी ख्रिस्ती उपदेशाला सोयीची होती : पूर्वरंगात मूळ वचन आणि त्याचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. बायबलमधील वचन आणि बायबलमधील कथा या सांच्यात जवळजवळ काटछाट न करता बसत. बुक्का, प्रसाद आणि कीर्तनकाराच्या पाया पडणे तेवढे गळाले. जे गळाले ते किरकोळ नव्हते, कारण कीर्तनकाराच्या पायांवर मस्तक ठेवण्यात श्रोता त्याला नारदाच्या जागी पाहतो. ख्रिस्ती कीर्तनकार त्या गादीवर उभा राहिला नाही. तो पाळकाचा किंवा शिक्षकाचा जोडधंदा करणारा राहिला. त्यामुळे कीर्तनाचे तंत्र आले, पण कीर्तनसंस्था आली नाही.

नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) ही उणीव जाणवली होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मिशनच्या चौकटीत वीसएक वर्षे काम केले; १९१७ मध्ये मिशनशी असलेले वेतनाचे नाते तोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात स्थान होते. टिळकांचे निदान असे की महाराष्ट्रात ख्रिस्त परका वाटतो तो चर्चच्या परकेपणामुळे. तुकारामाच्या वाटेने गेल्यास तो आपला वाटेल. ही मांडणी सुंदर आहे आणि तिच्यातून मराठीला ख्रिस्ती अभंगांचे मोठे धन मिळाले. तरी तिच्यातील ‘परका’ या विशेषणाचा कर्ता कोण, हे विचारणे भाग आहे. नाशिकच्या ब्राह्मण वस्तीतून आलेल्या माणसाला चर्चची घंटा, बाकडी, विलायती चाल आणि पाटलोण ही परकी वाटणे स्वाभाविक होते. वडाळ्याच्या आसपासच्या महार ख्रिस्ती कुटुंबाला हाच परकेपणा वेगळ्या अर्थाने भेटला होता. मेलेली ढोरे ओढणे, येसकराची काठी, गावकीची वेठ हे सारे ‘आपले’ होते. मिशनची शाळा, वसतिगृह, पाटी-पेन्सिल आणि विलायती चालीचे गीत ही त्या ‘आपल्या’तून बाहेर पडण्याची वाट होती. ज्याला टिळक उणीव मानत होते, ती कित्येकांच्या दृष्टीने मिळकत होती.

याचा अर्थ टिळकांचा मार्ग ब्राह्मणी होता, असा सरसकट निकाल देणे मात्र अन्यायाचे होईल. तसा निकाल अलीकडे काही ठिकाणी फार सहज दिला जातो. टिळकांनी वेदान्ताची परिभाषा हाताशी असूनही मुख्यतः अभंग निवडला, आणि अभंगाच्या परंपरेत चोखामेळा देवळाच्या दाराबाहेर उभा राहून गातो. तो छंद ज्ञानेश्वरांचा आहे, तसा सोयराबाई आणि कर्ममेळ्याचाही आहे. म्हणून टिळकांचे अभंग आणि टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ यांत भेद केला पाहिजे. ‘ख्रिस्तायन’ हा ओवीबद्ध महाग्रंथाचा संकल्प होता. टिळकांच्या हातून आरंभीचे अध्यायच झाले आणि उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. त्या ग्रंथाला आदर मिळाला, श्रोते मिळाले नाहीत. याउलट अभंग ‘उपासना संगीता’तून गावोगावच्या मंडळ्यांत गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले. कवी ब्राह्मण, गाणारे बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या समाजांतले, आणि छंद चोखोबाचाही : या तिहेरी मालकीत अभंगाचे स्वत्व कोणाकडे जाते? ज्यांच्या कंठात तो राहिला त्यांच्याकडे, असे उत्तर द्यावे लागेल. रूप निवडताना जे अधिकारी नव्हते, ते वापराने अधिकारी झाले. तमिळ प्रदेशात याच सुमारास एच. ए. कृष्ण पिळ्ळै (१८२७–१९००) यांनी बनियनच्या यात्रेकरूच्या कथेवर ‘रक्षण्य यात्रिकम्’ हे महाकाव्य कंबनाच्या वळणाने लिहिले (१८९४). त्यांना ‘ख्रिस्ती कंबन’ ही पदवी लाभली. पण ‘ख्रिस्तायना’प्रमाणे तेही विद्वानांच्या आदरातच अधिक राहिले. महाकाव्याचा मान आणि उपासनेतील गीताचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी आणि तमिळ दोन्ही उदाहरणांतून दिसते.

अहमदनगर-नाशिक पट्ट्यातच एक रूप मात्र चर्चने हाती घेतले नाही, ते म्हणजे तमाशा. ढोलकी, गण, सवाल-जवाब, वग ही सामग्री मंडळीतील बहुसंख्य कुटुंबांच्या अगदी जवळची होती. तिला अश्लील ठरवून दूर ठेवण्यात मिशनरी नीती आणि पांढरपेशी मराठी नीती यांचे एकमत झाले. एरवी ही दोन नीतिशास्त्रे एकमेकांशी भांडत. पुढे सत्यशोधकांनी जलसा उभा केला आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी नाशिक जिल्ह्यात आंबेडकरी जलसा उभा केला. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, गणातला गणपती काढला, वगात सावकार, पुरोहित आणि पाणवठा आणला. एका उपेक्षित रूपाला ज्ञानाचे व आत्मसन्मानाचे वाहन करणे हे काम शास्त्रींनी कुरवंजीत केले होते. अहमदनगरच्या मंडळीला ते करता आले असते; तिच्याकडे भाषा होती, छापखाना होता, १८४२ पासून चालत आलेला ‘ज्ञानोदय’ होता आणि कलावंत माणसेही होती. तिने ते केले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा ख्रिस्ती धर्माचा पर्याय त्यांच्यापुढे होताच. तो त्यांनी का स्वीकारला नाही याची कारणे अनेक आणि गंभीर आहेत आणि त्यांत चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातीचे कारण त्यांनी स्वतः नोंदविले आहे. कलारूपाच्या निवडीला त्या कारणांच्या यादीत फार वरचे स्थान देता येणार नाही. पण ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्या ढोलकीची लाज वाटणे आणि त्यांच्या पंगतीत बसण्याचा संकोच वाटणे, या दोन वृत्ती एकमेकींपासून फार दूर राहत नाहीत.

स्वातंत्र्योत्तर काळात देशीकरणाची चर्चा चर्चच्या अधिकृत पातळीवर आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेचा मार्ग मोकळा केला. १९६९ मध्ये भारतीय कॅथलिक उपासनेसाठी बारा बदलांना मान्यता मिळाली : पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, अंजलीमुद्रा, समई, आरती, पंचांग प्रणाम वगैरे. बंगळूरच्या केंद्रातून डी. एस. अमलोरपवदास यांनी हे कार्य निष्ठेने चालविले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि या बारा बदलांत जी ‘भारतीय’ संस्कृती गृहीत धरली होती ती देवळाच्या गाभाऱ्याकडे तोंड करून उभी असलेली संस्कृती होती. ज्यांना गाभाऱ्यात प्रवेश नव्हता त्यांच्यापुढे चर्चने तोच गाभारा पुन्हा मांडला, अशी टीका पुढे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी केली आणि ती खोडून काढणे कठीण आहे.

या टीकेला सैद्धांतिक बैठक दिली ती अरविंद निर्मल या मराठी धर्मविद्यावंताने. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी ‘शूद्र’ धर्मविद्येची दिशा मांडली. पुढे तीच विचारधारा ‘दलित’ या नावाने चेन्नईच्या गुरुकुल महाविद्यालयात उभी राहिली. हे नाव मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आणि मराठी दलित साहित्याने चलनात आणले होते. एका भाषेतील साहित्यिक चळवळीचा शब्द मराठी धर्मविद्यावंताच्या हातून दुसऱ्या भाषिक प्रदेशातील चर्चच्या उपासनेपर्यंत कसा गेला, हा साहित्यसंबंधांच्या इतिहासातील स्वतंत्र अध्याय आहे. तौलनिक अभ्यासकांनी तो धर्मशास्त्राच्या अभ्यासकांवर सोडून दिला, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

मदुराईच्या तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीत जे. थिओफिलस अप्पावू (१९४०–२००५) यांनी या विचाराला सूर दिला. ‘परट्टै’ या टोपणनावाने ते गावोगाव परिचित होते. त्यांनी ग्रामीण तमिळ बोलीत आणि लोकसंगीताच्या चालीत संपूर्ण उपासनाविधी रचला. त्यात परै वाजते. परै हे चर्मवाद्य. ‘परैयर’ हे जातिनाम त्याच्याशीच जोडलेले. गावच्या मर्तिकात ते वाजविणे ही जातीवर लादलेली सेवा होती, आणि म्हणून अनेक दलित ख्रिस्ती मंडळ्यांनी स्वतःच ते टाकले होते. अहमदनगरच्या ढोलकीचीच ही तमिळ जोडी म्हणता येईल. अप्पावूंचे वेगळेपण असे की त्यांनी परैला ‘लोककला’ म्हणून सजविले नाही, तिच्यावरची लाज कोणाची आहे हे आधी विचारले. त्यांच्या विधीत प्रभुभोजनाची कल्पना ‘ओरु ओलै’ या शब्दाने येते. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : एकच आधण. सर्वांनी आपापले मूठमूठ तांदूळ एका हंडीत टाकायचे आणि त्यातून जेवायचे. तंजावरच्या चौथ्या तक्रारीला सुमारे दीडशे वर्षांनी त्याच भाषेत आणि देशी संगीताच्याच बाजूने दिलेले हे उत्तर आहे. जातीविरुद्धचा पक्ष आणि संस्कृतीचा पक्ष येथे प्रथमच एका हाती आले. अर्थात अप्पावूंची गीते सर्व तमिळ मंडळ्यांनी स्वीकारली असे नाही. पाश्चात्त्य स्तोत्रे आणि कर्नाटक वळणाची कीर्तने यांचे राज्य अजून मोडलेले नाही, आणि दलित मंडळ्यांतही परैविषयी दोन मते आहेत. ज्याने प्रयत्नपूर्वक टाकले त्याला ते पुन्हा उचल असे सांगण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तेथे उरतोच.

आधण आणि पंगत यांचा विषय निघाल्यावर दोन गद्यग्रंथ टाळता येत नाहीत. पुराण, अभंग, महाकाव्य ही सारी पद्यरूपे होती आणि त्यांतील बहुतेक पुरुषांनी निवडली. चर्च आणि संस्कृती यांच्या संवादाचे सर्वांत सूक्ष्म चित्रण मात्र दोन स्त्रियांच्या आत्मकथनांत झाले आहे : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) आणि बामा यांचे तमिळ ‘करुक्कु’ (१९९२). दोन्ही ग्रंथ बोलीच्या लयीत लिहिलेले आहेत. दोन्ही प्रकाशित झाले तेव्हा त्यांची भाषा ‘साहित्यिक’ नव्हती आणि त्याच भाषेने पुढे साहित्याची व्याख्या बदलली.

‘स्मृतिचित्रां’त धर्मांतराचा वाद तत्त्वज्ञानाच्या पातळीवर फारसा येत नाही. तो येतो चुलीपाशी, पाण्याच्या हंड्यापाशी, सोवळ्याच्या दांडीपाशी. पतीने धर्म बदलला, हे लक्ष्मीबाईंना कळते ते कोणाच्या हातचे खायचे या प्रश्नातून. आणि त्यांचा स्वतःचा बदलही एखाद्या सिद्धांताने न होता एकेक विटाळ गळत गेल्याने होतो. टिळक ज्या काळात चर्चला मराठी संस्कृतीचे वस्त्र कसे द्यावे याचा विचार करीत होते, त्या काळात त्यांच्या घरात त्या संस्कृतीची एक एक गाठ सोडविली जात होती, आणि ती सोडविणारी बाई विनोद करीत होती. या विनोदाला समीक्षेने स्वभाववैशिष्ट्य म्हणून दाद दिली. तो एका समाजव्यवस्थेचे बिंग फोडतो याकडे तितके लक्ष गेले नाही. ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणारी आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लेखिका एकच आहे; पहिल्या ग्रंथात ती पतीच्या रूपात लिहिते, दुसऱ्यात तिला स्वतःचे रूप सापडते.

‘करुक्कु’त हाच प्रवास उलट दिशेने होतो. बामा दलित कॅथलिक कुटुंबात जन्मल्या. चर्च त्यांना वारशाने मिळाले. गरीब दलित मुलांसाठी काम करता यावे म्हणून त्या जोगिणींच्या संघात गेल्या आणि तेथील शाळा सधनांच्या सेवेत गुंतलेल्या पाहून बाहेर पडल्या. ताडाच्या पानाची करवती कड हे पुस्तकाचे नाव. बायबलमधील दुधारी तलवारीशी त्या कडेची सांगड लेखिकेनेच घातली आहे. म्हणजे चर्चवरील टीकेचे शस्त्रही चर्चनेच दिलेल्या ग्रंथातून उचललेले आहे. स्टीफन्सच्या पुराणातील श्रोता प्रश्न विचारून पाद्रीच्या उत्तराची वाट पाहत बसतो. बामांच्या ग्रंथात प्रश्न विचारणारी स्त्री उत्तर न मिळाल्याने उठून जाते, पण जाताना वचन बरोबर घेऊन जाते. लक्ष्मीबाईंना चर्चच्या आत येताना जे सोडावे लागले, ते बामांना चर्चच्या आत आधीच मांडून ठेवलेले आढळले : वेगळी पंगत, वेगळी वागणूक, आणि दफनासाठी वेगळी जागा.